तीस वॉटची आकाशवाणी

देवकीच्या विवाहानंतर वरात निघालेली आहे, लाडक्या बहिणीच्या रथाचे लगाम कंसाने स्वतःच्या हाती घेतलेले आहेत, आणि तोच आभाळातून आवाज येतो. बोलणारा दिसत नाही. शब्द मात्र स्पष्ट ऐकू येतात. देवळाच्या सभामंडपात हरिदासबुवांच्या तोंडून हा प्रसंग ऐकत ज्यांचे बालपण गेले, त्यांना 'आकाशवाणी' या शब्दाचा अर्थ कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पुढे हाच शब्द रोज सकाळी सातच्या बातम्यांबरोबर घरोघरी ऐकू येऊ लागला, आणि चुलीवरच्या चहाइतकाच तो ओळखीचा झाला. राजधानी दिल्लीत, एखाद्या सरकारी समितीने बैठका घेऊन हा शब्द निश्चित केला असावा, असाच बहुतेकांचा समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. रेडिओला हे नाव मिळाले ते म्हैसूर शहरात, मानसशास्त्राच्या एका प्राध्यापकाच्या राहत्या घरात.

त्या घराचे नाव 'विठ्ठल विहार'. म्हैसूरच्या वंटिकोप्पल भागातील या घरातून १० सप्टेंबर १९३५ रोजी डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपले खासगी नभोवाणी केंद्र सुरू केले. त्यांच्याजवळ असलेल्या प्रक्षेपकाची शक्ती होती अवघी तीस वॉट. आजच्या वाचकाला कल्पना यावी म्हणून सांगावयाचे, तर घरातील साधी ट्यूबलाइटसुद्धा चाळीस वॉटची असे. दिवाणखाना उजळण्यासही जी शक्ती अपुरी, तेवढ्या शक्तीवर एका गृहस्थाने सबंध शहराशी बोलण्याचे ठरविले होते.

मुंबईचा धडा

या धाडसाचे मोल कळण्यासाठी त्या वेळी देशात नभोवाणीची काय अवस्था होती, हे पाहणे आवश्यक आहे. रेडिओ भारतात आणला तो हौशी मंडळींनी. जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने कार्यक्रम प्रसारित केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कलकत्त्याचा क्लब पुढे आला आणि १९२४ च्या जुलैअखेरीस मद्रासचा. मद्रासच्या मंडळींपाशी उत्साह भरपूर होता, पैसा नव्हता. तीन वर्षांत त्यांना काम थांबवावे लागले आणि त्यांचे यंत्र मद्रास महापालिकेच्या स्वाधीन झाले. पालिकेने १९३० मध्ये त्यावरून पुन्हा प्रसारण सुरू केले.

भांडवलदारांनीही हात घालून पाहिला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले आणि महिनाभराने कलकत्त्याचे. कंपनीचे अधिकृत भांडवल पंधरा लाख रुपयांचे होते. प्रत्यक्षात उभे राहिले सहा लाख, आणि त्यांतील साडेचार लाख दोन केंद्रे उभारण्यातच संपले. उत्पन्नाचा मुख्य स्रोत म्हणजे रेडिओ संचाच्या परवान्याची फी. वर्षाला दहा रुपये फी होती आणि तिच्यातील ऐंशी टक्के वाटा कंपनीला मिळे. पण परवानेच काही हजारांच्या पुढे गेले नाहीत. संच परदेशातून येत, त्यांवर जकात बसे, आणि दहा रुपये ही त्या काळी अनेक कारकुनांच्या पगारातील मोठी रक्कम होती. शिवाय फी चुकवून ऐकणारेही कमी नव्हते. हातात येणारी रोकड आणि दरमहा लागणारा खर्च यांचा मेळ न बसलेल्या या उद्योगाचे पुढे काय झाले असेल, हे बँकेच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. १ मार्च १९३० रोजी कंपनीचे दिवाळे वाजले.

सरकारने महिनाभरात ती केंद्रे ताब्यात घेतली खरी; परंतु त्यात उत्साह नव्हता. ऑक्टोबर १९३१ मध्ये तर सरकारने ती बंद करण्याचाच निर्णय जाहीर केला. लोकांनी ओरड केली, तेव्हा तो मागे घेण्यात आला. १९३२ च्या अखेरीस बी.बी.सी.ची साम्राज्यसेवा सुरू झाली, लघुलहरींवर लंडन ऐकू येऊ लागले आणि हळूहळू संचांची संख्या वाढू लागली. शेवटी ऑगस्ट १९३५ च्या अखेरीस बी.बी.सी.तून आलेले लायनेल फील्डन यांनी हिंदुस्थानच्या नभोवाणीचे पहिले नियंत्रक म्हणून सूत्रे हाती घेतली. ते दिल्लीत आपल्या खुर्चीवर स्थिरस्थावर होत होते, त्याच पंधरवड्यात म्हैसूरला प्राध्यापकांचे तीस वॉटचे यंत्र सुरू झाले.

प्राध्यापकांचे घर

डॉ. गोपालस्वामी हे यंत्रशास्त्राचे पदवीधर नव्हेत, व्यापारीही नव्हेत. लंडन विद्यापीठात नामवंत मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांच्या हाताखाली संशोधन करून ते परतले आणि १९२४ मध्ये म्हैसूर विद्यापीठात सुरू झालेल्या मानसशास्त्र विभागाची धुरा त्यांनी सांभाळली. देशात या विषयाचा स्वतंत्र विभाग त्यापूर्वी केवळ कलकत्त्याला होता. माणसाचे मन कसे ऐकते, कसे शिकते, कशाने एकाग्र होते, हाच ज्यांच्या अभ्यासाचा विषय, अशा गृहस्थाला न दिसणाऱ्या श्रोत्यांशी बोलणाऱ्या यंत्राचे आकर्षण वाटावे, यात नवल नाही. नवल वाटते ते त्यांनी स्वतःच्या पदराला खार लावून हा उद्योग चालविला, याचे. परवान्याच्या फीतून उत्पन्न मिळावे म्हणून कंपनी काढणाऱ्यांचे हात कसे पोळले, ते सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. या केंद्रापासून नफा होण्याची शक्यता नव्हती; तोटा मात्र निश्चित होता.

हे घडण्यास म्हैसूरसारखे गाव लागते, हेही लक्षात घेतले पाहिजे. कृष्णराज वडियार (चौथे) यांच्या कारकिर्दीत या संस्थानाने पुष्कळ गोष्टी इतरांच्या आधी केल्या होत्या. शिवनसमुद्रच्या धबधब्यापासून १९०२ मध्ये वीज निर्माण करून ती दूरच्या कोलार सोन्याच्या खाणींना पुरविण्यात आली. काही वर्षांतच बंगलोर आणि म्हैसूरचे रस्तेही विजेने उजळले. रेडिओच्या दृष्टीने ही बाब साधी नव्हे. त्या काळचा व्हॉल्व्हचा संच एक तर घरातील विजेवर चाले, नाही तर जड बॅटरीवर. ती बॅटरी उतरली की भारून आणण्यासाठी शहरात न्यावी लागे. वीज असलेल्या गावातच रेडिओ खऱ्या अर्थाने नांदू शकत होता. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे मराठी माणसाला आपले वाटणारे सर विश्वेश्वरय्या १९१२ मध्ये म्हैसूरचे दिवाण झाले. त्यांच्याच प्रेरणेने १९१३ मध्ये बँक ऑफ म्हैसूर स्थापन झाली आणि १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ. (ती बँक पुढे स्टेट बँक ऑफ म्हैसूर झाली व २०१७ मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. विश्वेश्वरय्यांच्या आधीचे दोन दिवाण, व्ही. पी. माधवराव आणि टी. आनंदराव, हे तंजावरच्या मराठी घराण्यांतले, ही गोष्टही मराठी वाचकांना रुचेल.) ज्या गावात बँक, विद्यापीठ आणि वीज या तिन्ही गोष्टी एका पिढीने पाहिल्या, तेथे प्राध्यापकांच्या घरातून गाणे ऐकू येऊ लागले तर लोकांनी कान टवकारले असतील, हसले नसतील.

केंद्र चालवायचे तर रोज काही तरी ऐकविले पाहिजे, आणि बहुतेक हौशी केंद्रांची पंचाईत तेथेच होते. यंत्र एकदा विकत घेता येते. कार्यक्रम दररोज लागतो. येथे म्हैसूरचे भाग्य थोर. वीणा आणि व्हायोलिनचे हे माहेरघर. सात तारांच्या व्हायोलिनने कर्नाटक संगीतात स्वतंत्र स्थान मिळविणारे टी. चौडय्या याच गावचे. वीणावादक वेंकटगिरियप्पा आणि वाग्गेयकार म्हैसूर वासुदेवाचार्य दरबारात होते. गोपालस्वामी ज्या महाराजा कॉलेजात शिकवीत, त्याच कॉलेजात कन्नडचे अध्यापक होते के. व्ही. पुट्टप्पा, म्हणजेच पुढे ज्ञानपीठ पुरस्काराने गौरविले गेलेले महाकवी कुवेंपू. मुंबई-कलकत्त्याच्या केंद्राला ज्यांच्यासाठी मोटार पाठवावी लागली असती, अशी माणसे येथे टांग्याच्या अंतरावर राहत होती. मराठी मुलुखाचा सूरही या दरबाराला परका नव्हता. मिरजेला स्थायिक झालेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ म्हैसूर दरबारात वेळोवेळी गाऊन गेले होते, आणि कर्नाटक संगीताच्या सहवासाचा ठसा त्यांच्या गायकीवर उमटला, हे जाणकार सांगतातच.

तीस वॉटचा आवाज किती दूर जात असावा? मध्यम लहरींवरचे छोटे केंद्र दिवसा जमिनीलगतच्या लहरींनी आपला परिसर व्यापते. शहर आणि त्याच्या आसपासची खेडी, एवढाच त्याचा आवाका. रात्री या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होतात आणि एखादे वेळी फार दूरच्या श्रोत्यालाही अचानक आवाज सापडतो. पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही. म्हैसूरहून तिरुमकूडलू नरसीपूरच्या संगमाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दहा-बारा किलोमीटरवर वरुणा नावाचे गाव आहे. जलदेवतेचे नाव धारण करणारे हे गाव आणि त्याचे तळे अशा केंद्राच्या टप्प्याच्या काठावर आले असते. दोन उंच बांबूंना ताण देऊन बांधलेली तार, खिडकीतून आत आलेले तिचे टोक, आणि खरखरीतून नेमका आवाज वेचून काढण्यासाठी हलक्या हाताने फिरविलेले बटण, हा त्या काळच्या रेडिओ ऐकण्याचा सर्वसाधारण विधी होता.

नामकरण

गोपालस्वामींच्या केंद्राला 'आकाशवाणी' हे नाव कुणी दिले, याबाबत दोन नावे घेतली जातात. एक स्वतः गोपालस्वामींचे. दुसरे त्यांचे सहकारी ना. कस्तुरी यांचे. कस्तुरी हे जन्माने केरळचे, मातृभाषा मल्याळम. पण म्हैसूरला येऊन ते कन्नड भाषेचे नामवंत विनोदी लेखक झाले. शब्दांचे विपरीत आणि खट्याळ अर्थ देणारा 'अनर्थकोश' हा त्यांचा ग्रंथ कन्नड वाचकांच्या विशेष आवडीचा. 'कोरवंजी' या ज्या विनोदी मासिकाशी त्यांचा निकटचा संबंध होता, त्यातच म्हैसूरच्या एका तरुण चित्रकाराची व्यंगचित्रे आरंभी प्रसिद्ध होत असत. त्याचे नाव आर. के. लक्ष्मण, त्याचा 'सामान्य माणूस' पुढे मुंबईत घडला. शब्दांचे उलटसुलट अर्थ लावण्यात रमणाऱ्या कस्तुरींना पुराणातला हा शब्द विजेच्या यंत्राला चिकटविण्याची कल्पना सुचणे अगदी स्वाभाविक दिसते. श्रेय दोघांपैकी कुणाचेही असो, नाव म्हैसूरचे आहे. बंगालमध्येही या शब्दाची आठवण निघते, कारण १९३८ मध्ये कलकत्त्याच्या लघुलहरी केंद्राच्या उद्घाटनानिमित्त रवींद्रनाथांनी लिहिलेल्या कवितेत तो येतो. पण ती म्हैसूरनंतरची गोष्ट.

या शब्दाची निवड किती नेमकी होती, हे अन्य पर्यायांशी तुलना केली म्हणजे ध्यानात येते. मराठीत त्या काळी रेडिओला 'नभोवाणी' म्हणत. शब्द चांगला होता. त्याचे वंशज 'नभोनाट्या'च्या रूपाने अद्यापही नांदत आहेत. परंतु 'नभोवाणी' हा विद्वानांनी घडविलेला शब्द होता, त्यामागे कथा नव्हती. 'आकाशवाणी' घडवावी लागली नाही. ती कन्नड, मराठी, बंगाली, हिंदी अशा अनेक भाषांच्या श्रोत्यांच्या कानांत आधीपासूनच होती. शब्दाचा अर्थ नवा, शब्द मात्र आजीच्या तोंडचा. एखाद्या नव्या योजनेचे नामकरण करण्याची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांनी हे उदाहरण अवश्य पाहावे.

दिल्लीतही त्याच सुमारास नावाचाच घोळ चालला होता. सरकारी खात्याचे नाव होते 'इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस'. फील्डन यांना ते नाव मुळीच पसंत नव्हते. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी मोठा मजेदार प्रसंग सांगितला आहे. एका मेजवानीनंतर त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गाठले, जुने नाव उच्चारण्यास किती अवजड आहे याची तक्रार केली, आणि नवे नाव जणू व्हाइसरॉयनाच सुचले असे वाटेल अशा खुबीने संभाषण वळवून 'ऑल इंडिया रेडिओ' हे शब्द त्यांच्याच तोंडून वदवून घेतले. ८ जून १९३६ पासून ते नाव रूढ झाले. म्हैसूरच्या घरगुती केंद्राला नाव ठेवताना अशा कसल्याही मुत्सद्देगिरीची गरज पडली नव्हती.

संस्थानातून सरकारात

१९३५ च्या कायद्यात नभोवाणीविषयी एक कलम होते. प्रांतिक सरकारे आणि संस्थानिक यांना आपापल्या हद्दीत प्रक्षेपण करण्यास केंद्र सरकारने अकारण अडवू नये, असा त्याचा आशय. संस्थानिकांना याचा लाभ झाला. डॉ. गोपालस्वामींच्या खासगी उद्योगावरचा भार वाढत चालला, तेव्हा १९४० च्या दशकाच्या प्रारंभी म्हैसूर संस्थानाने केंद्राची जबाबदारी उचलली. पुढे ते यादवगिरी भागातील स्वतंत्र इमारतीत गेले. हे अंतर 'विठ्ठल विहार'पासून सुमारे दोनशे यार्ड. संस्था घरातून कचेरीत गेली, पण आळी सोडली नाही. पुढे याच यादवगिरीत आर. के. नारायण यांनी घर बांधले. २०१६ पासून ते स्मृतिसंग्रहालय म्हणून वाचकांसाठी खुले आहे.

त्या वेळचे महाराज जयचामराजेंद्र वडियार स्वतः उत्तम संगीतज्ञ होते. कर्नाटक संगीतात त्यांनी कृती रचल्या, आणि पाश्चात्त्य संगीताचाही त्यांना विलक्षण ध्यास होता. निकोलाय मेट्नर या उपेक्षित रशियन संगीतकाराच्या रचनांचे लंडनमध्ये ध्वनिमुद्रण व्हावे म्हणून १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी आपल्या खजिन्यातून पैसे दिले. असा राजा ज्या केंद्राच्या पाठीशी, तेथे संगीताला कमतरता कशाची?

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारताच्या वाट्याला ऑल इंडिया रेडिओची सहा केंद्रे आली. त्यांशिवाय संस्थानांची पाच होती: म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, बडोदा आणि आपले औरंगाबाद. (निजामाच्या अमलाखालील औरंगाबाद म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर.) संस्थाने विलीन झाली, तशी ही केंद्रेही एकामागून एक केंद्र सरकारकडे आली. म्हैसूरचे केंद्र १९५० मध्ये ऑल इंडिया रेडिओत सामील झाले.

आणि येथेच म्हैसूरकरांच्या मनाला लागलेली गोष्ट घडली. २ नोव्हेंबर १९५५ रोजी बंगलोर केंद्र सुरू झाले व म्हैसूरचा कारभार तिकडे हलविण्यात आला. शासनाच्या दृष्टीने निर्णय अतार्किक नव्हता. राजधानी बंगलोर, सचिवालय बंगलोर, मंत्री बंगलोरला; कानडी मुलुखाच्या एकीकरणानंतर मोठे राज्य होऊ घातलेले. प्रभावी प्रक्षेपक राजधानीतच असावा, असे कोणताही अधिकारी म्हणाला असता. केंद्रापाठोपाठ कलावंतही निघाले. म्हैसूरचे थोर वीणावादक दोरेस्वामी अय्यंगार बंगलोर केंद्रात संगीत निर्माते झाले. परंतु वीस वर्षे जे शहर स्वतःच्या आवाजात बोलत होते, ते आता केवळ श्रोता झाले. शाखा बंद होऊन तिचे व्यवहार शेजारच्या मोठ्या शाखेत वर्ग झाले, की हिशेबाच्या वहीत एक पैचाही फरक पडत नाही. दारावर नेहमी येणाऱ्या खातेदाराला मात्र काय गेले ते कळते. म्हैसूरच्या बाबतीतही असेच म्हणावे लागेल.

ज्या वर्षी म्हैसूरने आपले केंद्र गमावले, त्याच वर्षी, १ एप्रिल १९५५ पासून, पुणे केंद्रावर ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' आठवड्याला एक गीत या क्रमाने सुरू झाले होते. पुणे केंद्राला तेव्हा दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती. गावातले कवी, गावातले संगीतकार आणि गावातलेच केंद्र एकत्र आले म्हणजे काय घडू शकते, याचे याहून मोठे उदाहरण मराठी माणसाला देण्याची आवश्यकता नाही. १९५६ मध्ये याच पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत 'रेडिओ शेतकरी मंडळां'चा प्रयोग केला. गावकऱ्यांनी आठवड्यातून दोनदा एकत्र बसायचे, कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. एकतर्फी बोलणाऱ्या यंत्राला ऐकायला शिकविण्याचा हा प्रयत्न पुढे इतर अनेक देशांत अभ्यासला गेला.

म्हैसूरच्या पदरात त्या काळात एक गोष्ट मात्र पडली. १९५७ पासून सबंध देशाच्या सरकारी नभोवाणीने 'आकाशवाणी' हे नाव स्वीकारले. माहिती व नभोवाणी मंत्री होते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. शास्त्रीय संगीताचा कैवार घेऊन चित्रपटगीतांना रेडिओचे दार बंद करणारे मंत्री म्हणून हा मराठी गृहस्थ अनेकांच्या रोषास पात्र झाला. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून ते दार पुन्हा उघडावे लागले. पण त्यांच्याच कारकिर्दीत तीस वॉटच्या केंद्राचे नाव साऱ्या देशाच्या केंद्रांवर लागले, हेही त्यांच्या खात्यावर जमा करावयास हवे. योगायोग असा, की देशाने नाव उचलले तेव्हा ज्या गावाने ते दिले, तेथे स्वतंत्र केंद्रच उरले नव्हते.

पुन्हा यादवगिरी

म्हैसूरला केंद्र परत मिळाले ते १९७४ मध्ये, जवळजवळ दोन दशकांच्या खंडानंतर. तोवर जग बदलले होते. ट्रान्झिस्टर आला होता. वीज, तार, बांबू यांची गरज उरली नव्हती. रेडिओ शेताच्या बांधावर आणि गुराख्याच्या खांद्यावर गेला होता. टपाल कार्यालयात जाऊन भरावयाचा परवाना मात्र अजून होता. तो १९८० च्या दशकात टप्प्याटप्प्याने रद्द झाला. पुढे म्हैसूरचे केंद्र एफ.एम.वर गेले, आणि १००.६ मेगाहर्ट्झ हा आकडा म्हैसूरच्या घराघरांत पाठ झाला. कावेरीचे पाणी घेऊन येणाऱ्या वरुणा कालव्याच्या परिसरातील भात आणि नाचणी पिकविणारा शेतकरी असो वा अग्रहाराच्या गल्लीतील निवृत्त शिक्षक, दोघांनाही आपल्या बोलीच्या वळणाचे कन्नड पुन्हा रेडिओवर ऐकू येऊ लागले.

मोठ्या केंद्रांपेक्षा लहान केंद्रांची गरज आहे, हे सरकारी नभोवाणीलाही कालांतराने पटले. ऑक्टोबर १९८४ मध्ये नागरकोविल येथे आकाशवाणीचे पहिले 'स्थानिक केंद्र' सुरू झाले. १९९० च्या आसपास महाराष्ट्रातही अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), सातारा, बीड, धुळे अशा गावांना आपापली केंद्रे मिळाली. त्या आधी सांगली (१९६३), परभणी (१९६८), जळगाव (१९७६) आणि रत्नागिरी (१९७७) ही केंद्रे आपापल्या भागाच्या बोलीला, लोकगीतांना आणि बाजारभावांना जागा देतच होती. रत्नागिरीच्या मच्छीमाराला हवामानाचा इशारा मुंबईहून मिळणे आणि रत्नागिरीहून मिळणे, यांत काय अंतर आहे ते वादळात सापडलेल्यालाच विचारावे.

तरीही हे सारे सरकारी होते. गोपालस्वामींनी जे केले ते, म्हणजे सरकारबाहेरच्या माणसाने आपल्या गावासाठी केंद्र चालविणे, पुढे अनेक दशके कायद्याने अशक्य होते. ती कोंडी फुटण्यास फेब्रुवारी १९९५ उजाडावा लागला. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे सामुदायिक केंद्र सुरू झाले, आणि २००६ च्या धोरणाने शैक्षणिक संस्थांबरोबरच स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांनाही परवाने खुले केले. साताऱ्यातील दुष्काळी माण तालुक्यात म्हसवडला २००८ मध्ये 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू झाली. ज्या महिलांनी, निरक्षर म्हणून आधी नाकारला गेलेला परवाना जिद्दीने मिळवून १९९७ मध्ये स्वतःची सहकारी बँक उभी केली, त्यांच्याच चळवळीचे हे अपत्य. म्हैसूर जिल्ह्यात सरगूर येथे २०१२ मध्ये 'जनध्वनी' सुरू झाली. हेग्गडदेवनकोटेच्या जंगलाच्या काठावरील आदिवासी वस्त्यांचा आवाज तिच्यातून ऐकू येतो. या सामुदायिक केंद्रांना धोरणाने जो प्रक्षेपक ठरवून दिला, तो साधारणपणे पन्नास वॉटचा. तांत्रिकदृष्ट्या पाहता लहान केंद्राचा आकार सत्तर वर्षांनंतर पुन्हा 'विठ्ठल विहार'च्या जवळपास येऊन थांबला.

मे २०२३ मध्ये प्रसार भारतीने आदेश काढला, की यापुढे प्रसारणात 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव न वापरता केवळ 'आकाशवाणी' हेच वापरावे. फील्डनसाहेबांनी मेजवानीनंतर मोठ्या खुबीने मिळविलेले नाव अशा रीतीने मागे पडले. अडीचशेहून अधिक केंद्रांच्या निवेदकांच्या तोंडी आता एकच नाव उरले. यादवगिरीच्या केंद्रात मात्र त्या आदेशाने बदलण्यासारखे फारसे काही नव्हते.